झाकल्या मुठीचं वजन

सोमवार, ता. ३

ही वही मी पुराव्यासाठी लिहितो आहे. उद्या कुणी म्हणायला नको, की मास्तर बेसावध होते.

आज आमच्या रंगखात्यात यंत्र बसलं. रंगांच्या पुडीचे डबे त्याच्या पोटात, सूत रंगवायच्या टाक्यांवर पक्की झाकणं आणि मधे नळ्या. किती ग्रॅम पूड घ्यायची ते यंत्राला एक संगणक सांगणार आणि संगणकाला मी. म्हणजे एकतीस वर्षं जे वहीत ठेवलं ते आता काळ्या पडद्यावर टाइप करायचं. पडदा खरोखरच काळा. चित्र नाही, बटण नाही, उंदीरही जोडलेला नाही. एका कोपऱ्यात पांढरी रेघ उघडझाप करत माझी वाट बघत बसलेली.

यंत्र बसवायला आलेला इसम एका कागदावर आठ ओळी लिहून देऊन गेला. मला आणि ग्रॅमबाईला त्यानं तासभर शिकवलं, म्हणजे तो बोलला आणि आम्ही मान हलवली. ग्रॅमबाई म्हणजे आमच्या कोठीवरची, पुड्या वजन करून देणारी बाई. अकरा वर्षं आहे. ग्रॅमभरही इकडचं तिकडे होऊ देत नाही म्हणून सगळे तिला ग्रॅमबाई म्हणतात. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा! कारखान्यात सगळ्यांत जास्त सांडलवंड हिच्याच नावावर असते. दर महिन्याला फलकावर आकडा लागतो.

निघताना धाकटे मालक सहज म्हणावं तसं म्हणाले, "महिनाअखेरपासून यंत्रावर एकच माणूस पुरेल, मास्तर. कोण ते बघू." त्यांच्या "बघू"त काय काय असतं ते मला ठाऊक आहे.

मंगळवार, ता. ४

काळ्या पडद्यावर ज्यात लिहायचं त्याला एडिटर म्हणतात. या एडिटरला दोन तोंडं आहेत. एका तोंडानं तो लिहून घेतो आणि दुसऱ्यानं हुकूम ऐकतो. कुठलं तोंड समोर आहे ते सांगत नाही. लिहायचं तर आधी आय दाबून परवानगी मागायची, लिहून झालं की एस्केप दाबून हात जोडायचे. मी परवानगी न मागता लिहायला गेलो तर दोन डी पाठोपाठ दाबले गेले आणि अख्खी ओळ गडप झाली.

मागून आवाज आला, "मास्तर, आधी एस्केप. मग नुसता यू."

यू दाबला, ओळ परत आली. ग्रॅमबाई हातात डबा घेऊन उभी होती. तिला काल तासाभरात एवढं आलं आणि मला का आलं नाही? की ती आधीच कुठे शिकून बसली आहे? घरी कमावणारी ती एकटी. आई आहे, धाकटी बहीण आहे. एका जागेसाठी माणूस काय काय शिकतो.

बुधवार, ता. ५

चार छटांच्या पाककृती टाइप केल्या. वहीत होत्या तशाच. हे "तशाच" काय ते इथे लिहून ठेवायला हरकत नाही. ही वही मी शर्टाच्या आत घालून नेतो-आणतो.

माझे थोरले मास्तर, ज्यांच्या हाताखाली मी शिकलो, ते सांगायचे: वहीत एका पुडीचा आकडा नेहमी एक मूठ कमी लिहायचा. ती मूठ टाकीपाशी आपण स्वतः टाकायची, पाठ फिरवून. वही चोरली तरी रंग चोरीला जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकतीस वर्षं मी हेच केलं. घरीही कुणाला माहीत नाही.

आता टाक्यांना झाकणं लागली, मूठ टाकायला जागा नाही. पण मी का बोलू? वहीतलं त्यांनी मागितलं, वहीतलं मी देतो आहे. पहिला लॉट बिघडला की आपसूक येतील, "मास्तर, चला हो जरा" म्हणत. मग कळेल यंत्रावर कुठला एक माणूस हवा ते.

संध्याकाळी बाहेर पडताना घोटाळा झाला. कागदावर लिहिलं होतं, कोलन आणि क्यू. तसं केलं तर एडिटर म्हणतो, बदल जपून ठेवलेले नाहीत, तरी जायचंच असेल तर उद्गारचिन्ह लावा. उद्गारचिन्ह लावून घराबाहेर पडतं का कुणी? दिवसभराचं पाण्यात गेलं असतं. कोलन डब्ल्यू करून सगळं जपलं आणि त्या क्यूच्या वाटेला पुन्हा जायचं नाही असं ठरवलं. मग नेहमीप्रमाणे खोलीच्या विजेचा मुख्य खटका पाडला आणि निघालो. रंगखात्याला एकदा आग लागली होती, तेव्हापासून नियमच आहे: खोलीतून शेवटी निघणाऱ्यानं खटका पाडायचा. पाच वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

गुरुवार, ता. ६

संशय खरा ठरला.

सकाळी फाइल उघडली तर पडदाभर इशारा. दुसरं कुणीतरी हीच फाइल उघडून बसलं असावं. उघडणाऱ्याचं नाव रंगखाते, म्हणजे आम्हा दोघांना दिलेलं सामाईक नाव. वेळ: काल, पाच चौतीस. मी निघालो पस्तीसला! माझी पाठ वळायचीही वाट बघितली नाही. मागोवा ठेवायचा की पुसायचा असं खाली विचारलं होतं. रागाच्या भरात डी दाबून पुसून टाकला. नंतर पस्तावलो, तो पुरावा होता.

ग्रॅमबाई शेजारच्या कोठीत सहापर्यंत डबे मोजत बसते. मी निघाल्यावर या मजल्यावर तीच असते. मी नुसतं म्हटलं, "काल फार वेळ थांबलीस का?"

"रोजच्यासारखीच की," ती म्हणाली.

शनिवार, ता. ८

काल संध्याकाळी खुर्चीच्या पायापाशी खडूची खूण केली, कळफलकावर आडवा दोरा ठेवला आणि दारात काडी लावली. आज सकाळी खुर्ची जागेवर, दोरा जागेवर, काडीही जागेवर. आणि पडद्यावर पुन्हा तोच इशारा, काल पाच सदतीस! म्हणजे दोरा उचलून, काम करून, पुन्हा होता तसा ठेवण्याइतकं कुणीतरी पोचलेलं आहे. साधासुधा चोर नव्हे हा.

वेळा मी आता शेवटच्या पानावर टिपून ठेवतो आहे.

मंगळवार, ता. ११

एक्केचाळीस छटा टाइप करून झाल्या. बोटं बरीच सरावली आहेत. आय, एस्केप, कोलन डब्ल्यू. मधे जेवायला किंवा टाक्यांकडे जातो तेव्हा फाइल तशीच उघडी असते, दुपारी सगळ्यांच्या देखत कोण हात लावणार आहे? धोका संध्याकाळचा आहे.

उद्या पहिला लॉट, गर्द निळा. रात्री झोप छान लागेल असं वाटतं.

गुरुवार, ता. १३

गर्द निळा उत्तम उतरला.

नमुन्याची लड मी खिडकीत नेऊन पाहिली, दिव्याखाली पाहिली, ओली पाहिली आणि वाळल्यावर पाहिली. कुठेही बोट ठेवायला जागा नाही. धाकट्या मालकांनी पाठ थोपटली, "मास्तर, मान गये!" हसायचं की रडायचं तेच कळेना. एक मूठ तांबडी पूड कमी असताना हा निळा असा उतरतो कसा?

सगळे गेल्यावर फाइल उघडली. तांबड्यापुढे मी तीनशे पन्नास लिहिलं होतं. तिथे आता चारशे बारा आहे.

मी लिहिलेलं नाही. मला चारशे बारा हा आकडाच माहीत नाही. आयुष्यात कधी लिहिला नाही, म्हटला नाही. पण कापूस सांगतोय की तो बरोबर आहे. याचा अर्थ कुणीतरी माझ्या मुठीपर्यंत पोचलं. मी तिथेच बसून राहिलो. वडील गेले तेव्हा असं बसलो होतो.

शनिवार, ता. १५

काल हिरवा आणि आज डाळिंबी. दोन्ही निर्दोष. दोन्हींचे आकडे बदललेले.

शेवटी घरी हिला सांगितलं, मुठीचं सोडून बाकी सगळं. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हीच नीट बंद न करता येत असाल. घरातला नळ तरी कधी पुरता बंद करता?"

मी म्हटलं, "खटका पाडतो मी, खटका! त्याहून बंद काय करायचं असतं?"

"मग बघा बाई," म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली. हिला यंत्रातलं काय कळतंय.

सोमवार, ता. १७

आज सोक्षमोक्ष लावला. सात संध्याकाळच्या वेळा आणि तीन बदललेले आकडे कागदावर उतरवून धाकट्या मालकांपुढे ठेवले. मूठ सांगितली नाही, एवढंच म्हटलं की माझ्या फाइलीत कुणीतरी ढवळाढवळ करतंय. त्यांनी हजेरीची नोंद मागवली. सातही दिवस सहाला बाहेर पडलेलं माणूस एकच.

ग्रॅमबाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली.

"आकडे तू बदललेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ. मीच नजर वळवली. "हो," ती म्हणाली. "दुपारी, मास्तर जेवायला गेल्यावर. विचारायला हवं होतं, विचारलं नाही."

"का बदललेस?"

तिनं पुन्हा पदराला हात पुसले.

"आणि रोज संध्याकाळी फाइल उघडून काय बघत होतीस?"

"संध्याकाळी मी कोठीत असते, साहेब. संगणकाला हात लावत नाही."

दुपारचं कबूल करते आणि संध्याकाळचं नाकारते! धाकटे मालक म्हणाले, आधीच तुझ्या नावावर एवढी सांडलवंड, त्यात हे. उद्यापासून येऊ नकोस. तसंही एकालाच ठेवायचं होतं. तिनं कोठीची किल्ली माझ्या हातात दिली. तिच्या मुठीत ती गरम झाली होती.

घरी आलो तर ही म्हणाली, तोंड का उतरलंय? मी म्हटलं, उतरलेलं नाही, जिंकून आलोय.

बुधवार, ता. १९

सकाळी फाइल उघडली. इशारा. दुसरं कुणीतरी. काल, पाच छत्तीस.

काल ग्रॅमबाई नव्हती. कोठीची किल्ली माझ्या खिशात होती. मजल्यावर मी एकटा होतो.

यंत्र बसवणाऱ्याला फोन केला. त्यानं विचारलं, "काका, तुम्ही बाहेर कसे पडता?" मी म्हटलं, खटका पाडून. मग तो म्हणाला, फाइल उघडी असेपर्यंत एडिटर तिच्या शेजारी एक खूण ठेवतो, आत कोणीतरी आहे म्हणून. रीतसर निघालं की ती खूण तो स्वतः उचलतो. खटका पाडला की उचलायला तोच उरत नाही. "आत तुम्हीच होतात, काका. रोज तुम्हीच."

फोन ठेवला. हिचा नळ आठवला. त्या कागदावरच्या सातही वेळा माझ्या स्वतःच्या होत्या आणि त्यावर मी एका बाईची भाकरी काढून घेतली. मला माझी लाज वाटते आहे, दुसरं काही लिहायला सुचत नाही.

पण आकडे? ते तर तिनं बदलले. तिला कुठून कळले?

गुरुवार, ता. २०

चॉकलेटीचा लॉट पिवळट गेला. दोनशे किलो सूत. त्या पाककृतीला ग्रॅमबाईचा हात लागला नव्हता, तिथे माझाच आकडा होता, एक मूठ कमी. दोन आठवड्यांपूर्वी मी याचीच वाट बघत होतो. धाकटे मालक "मास्तर, चला हो जरा" म्हणत नाही आले. लड टेबलावर टाकून म्हणाले, "शनिवारपर्यंत बरोबर आकडा फाइलीत हवा. नाहीतर तुमचाही विचार करावा लागेल."

बरोबर आकडा. मी आय दाबला आणि बसलो. काय लिहू? निळ्यातले बासष्ट इथे घालून छोट्या भांड्यात नमुना काढला, तर फार लाल. काट्यावर वाटी ठेवली आणि मूठ भरून टाकली. अठ्ठेचाळीस. पुन्हा टाकली, एकाहत्तर. पुन्हा, पंचावन्न. काट्याकडे डोळे लागले की हात बावचळतो. टाकीपाशी, वाफेत, पाठ फिरवून त्याला जे येतं ते इथे येत नाही. एकतीस वर्षं जे इतरांपासून लपवलं ते मलाच माहीत नव्हतं.

शुक्रवार, ता. २१

ग्रॅमबाईच्या घरी गेलो. तिसरा मजला, अरुंद जिना. तिची आई खिडकीशी शर्टांना बटणं लावत होती. ग्रॅमबाईनं पाण्याचा पेला पुढे केला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "चॉकलेटी ना?"

"हो."

"चव्वेचाळीस. गर्द निळ्यात बासष्ट, हिरव्यात पन्नास. तुम्ही घरी भांडून आलात की सत्तरच्या पुढे जाते, पण ते दिवस मी धरले नाहीत."

माझा पेला हातातच राहिला. "तुला कसं माहीत?"

"अहो मास्तर, रोज संध्याकाळी डबे वजन करायचे हेच माझं काम. वहीत लिहिलंय त्याहून डब्यातलं कमी भरलं तर कुठे गेलं ते लिहावं लागतं. मी लिहायची, सांडलं."

"अकरा वर्षं?"

"मग काय लिहिणार? मास्तरांनी पाठ फिरवली?"

तिची आई हसली. मला हसू आलं नाही. फलकावरचा तो दर महिन्याचा आकडा, ज्यावर मी सगळ्यांत मोठ्यानं हसायचो, ती माझी मूठ होती. मोठ्या मालकांनी त्यावरून तिला दोनदा खडसावलं होतं, एकदा माझ्यासमोर.

"आणि फाइलीत का बदललंस?"

"टाक्यांना झाकणं लागली. आता मूठ कुठून टाकणार होतात? पहिलाच लॉट बिघडला असता तर तुम्हाला काढलं असतं."

"पण एकच जागा होती. मी गेलो असतो तर तुला मिळाली असती."

"ते मलाही कळत होतं," ती म्हणाली आणि रिकामा पेला माझ्या हातातून घेतला.

मी म्हटलं, मला आधी सांगायचंस तरी. तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुमची मूठ उघडी पडली असती. तुमचं ते एकच होतं."

मी तिची क्षमा मागितली. तिच्या आईसमोर, स्पष्ट शब्दांत.

शनिवार, ता. २२

धाकट्या मालकांना सगळं सांगितलं. मूठ, खटका, सांडलवंड. ते म्हणाले, "म्हणजे एकतीस वर्षं वहीत खोटं लिहीत होतात?"

"खोटं नाही, कमी."

"आता काय करायचं म्हणता?"

"यंत्राला हात नकोत, आकडे हवेत. ते तिच्यापाशी आहेत. तिला परत बोलवा, यंत्रावर तिलाच बसवा. आणि फलकावर लिहा, अकरा वर्षांचं सांडलेलं सगळं मास्तरांचं."

त्यांनी बराच वेळ पेन फिरवलं. मग म्हणाले, फलकाचं बघू. हे "बघू" ऐकून घ्यायला मी थांबलो नाही. कागद मागून घेतला आणि उभ्याउभ्या लिहून काढला: हा लॉट माझ्या लपवाछपवीनं बिघडला, आजवरची सांडलवंड माझी, या बाईंचा दोष नाही, मी महिनाअखेर निघतो. सही केली. मला काढलेलं नाही, मी निघालो आहे, हे इथे ठळक नोंदवून ठेवतो.

ही म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा कुणावर विश्वास ठेवलात, तोही घराबाहेर." पण जेवताना दुसऱ्यांदा वाढलं.

गुरुवार, ता. २७

सोमवारी ग्रॅमबाई परत आली. तेव्हापासून ती सांगते आणि मी टाइप करतो. तीच टाइप करू शकली असती, माझ्या दुप्पट वेगानं. मीच म्हटलं, माझ्या मुठी मला मोजू दे. आज राखाडी आली. ती म्हणाली, "राखाडीत काही नाही."

"असं कसं? मी टाकायचो."

"डबा कधीच कमी भरला नाही. तुम्ही नुसती पाठ फिरवायचात."

खरं होतं ते. राखाडीला मूठ लागतच नाही, पण सवय मोडायला नको म्हणून हात घालून रिकामाच काढायचो. मला विसर पडला होता. दोघंही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

शनिवार, ता. २९

शेवटची छटा दुपारी संपली. फलकावर माझं पत्र लागलंय. ज्यांनी वाचलं ते माझ्याशी जपून बोलतात.

पाच वाजून तीस मिनिटांनी मी सवयीनं खटक्याकडे हात नेला. ग्रॅमबाई म्हणाली, "मास्तर, आधी त्यातून तरी निघा." परत बसलो. एस्केप. कोलन. डब्ल्यू. मग क्यू. एडिटरनं काही तक्रार केली नाही, उद्गारचिन्ह मागितलं नाही. पडदा रिकामा झाला. मग तिनं संगणक बंद केला आणि खटका मला पाडू दिला. कोठीची किल्ली मी तिच्या हातात ठेवली.

सोमवार, ता. १

ही वही लिहायचं आता कारण नाही, तरी एवढं लिहितो. सकाळी अंगणात नळाचा वायसर बदलत होतो. नऊ वाजता ग्रॅमबाईचा फोन आला. यंत्र चालू केलं, फाइल उघडली, सगळं ठीक आहे, काळजी करू नका.

"इशारा?" मी विचारलं.

"नाही ना. कोणीतरी आत आहे असं आज त्यानं म्हटलंच नाही."

चांगलं झालं, मी म्हटलं. रीतसर निघालं की असंच होतं, मला शिकवलं होतं तसं. फोन ठेवला आणि पान्हा हातात घेऊन तिथेच बसलो. खरं लिहायचं तर, आज एक दिवस तरी त्यानं म्हणायला हवं होतं.